पाण्याखालचा फणस

ग्रुप काढला तेव्हा मला वाटलं होतं, चार जुने फोटो येतील, दोन दिवस माणसं हळहळतील आणि मग नेहमीचं गुड मॉर्निंग सुरू होईल. कसलं काय! फोटो राहिले बाजूला, किस्सेच इतके साठले की मोबाईलच्या आधी माझं डोकं हँग व्हायची पाळी आली. दुकानात येणारा माणूस झेरॉक्स मागायच्या आधी विचारतो, "अक्का, आज ग्रुपवर काय झालं?" म्हटलं, एकदा बसून सांगूनच टाकावं.

तर मी शोभा. रामनगरात माझं झेरॉक्स आणि रिचार्जचं दुकान आहे. आमचं गाव काळी नदीच्या काठाला होतं, ते सुपा धरणात गेलं. काही माणसं इकडं रामनगरात आली, काही कुंभारवाड्याच्या बाजूला जंगलात सोयऱ्याधायऱ्यांच्या आधारानं राहिली. गाव सुटलं तेव्हा मी आईच्या कडेवर होते. मला त्यातलं काही म्हणजे काही आठवत नाही, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं. म्हणून हा ग्रुप काढला. नियम एकच ठेवला, फक्त गावचे जुने फोटो आणि नकाशे टाकायचे.

आणखी एक कारण होतं. माझे दोन मामा. थोरला भिकूमामा कुंभारवाड्याला, धाकटा गणूमामा रामनगरातच, माझ्या दुकानाच्या मागच्या गल्लीत. गाव सोडताना दोघांचं एका फणसाच्या झाडावरून वाजलं. बांधावरचं झाड. ह्याचं म्हणणं माझ्या वाटणीतलं, त्याचं म्हणणं माझ्या. लाकूड कुणी न्यायचं ह्यावर भांडण इतकं पेटलं की शेवटी कुणीच झाड तोडलं नाही. ते उभ्याउभ्या पाण्यात गेलं! आणि तेव्हापासून दोघं भाऊ एकमेकांशी बोलले नाहीत.

माझ्या आईची एकच इच्छा होती, दोन्ही भाऊ एका पंगतीला जेवताना बघायचे. ती तशीच गेली. तिच्या बाराव्याला एक मामा सकाळी आला, दुसरा संध्याकाळी. मी ठरवलं, निदान आपल्या हयातीत हे करायचं. म्हणून दोघांनाही ग्रुपात घातलं.

* * *

पहिलाच फोटो आला तो नदीच्या उताराचा. पाणी, दगड, आणि कडेला एक म्हैस.

भिकूमामाच्या घरी रेंज नाही. तो चढ चढून वरच्या रस्त्याला येतो, मग त्याचे सगळे व्हॉइस मेसेज एकदम पडतात. पहिला मेसेज आला, "ॲडमिनला कळवायचं की फोटूत डाव्या अंगाला जी म्हस दिसतीया, ती माजी हाय."

थोड्या वेळानं मागच्या गल्लीतून गणूमामाचा आला, "ॲडमिननी संबंधितांना कळवावं की म्हस आईची हुती."

त्यावर कुंभारवाडा म्हणाला, "ॲडमिन, धारा कोन काडायचं ते इचारा!"

भिकूमामा वरच्या रस्त्यालाच ठाण मांडून बसला, आणि असं दिवसभर चाललं! दोघं एकाच ग्रुपात, एकमेकांचे मेसेज ऐकतायत, आणि उत्तरं मला देतायत. बाकीच्यांची हसून मुरकुंडी वळली. मी पण हसले, खोटं कशाला सांगू? पण रात्री भाकरी थापताना आईची आठवण आली आणि तव्यावरची करपली.

* * *

मग लग्नाचे फोटो यायला लागले. ढिगानं! मी खूश झाले, म्हटलं आता गाव दिसणार.

पण गाव दिसेच ना! त्या काळात लग्नाला फोटोवाला यायचा तो दांडेलीहून, खांद्यावर पडदा गुंडाळून. पडद्यावर रंगवलेलं तळं, दोन राजहंस आणि लाल छपराचा बंगला. नवरानवरी कुणाचीही असो, मागं तेच तळं आणि तेच राजहंस. पडद्याच्या मागं आमची खरी काळी नदी वाहत होती, खरा डोंगर उभा होता, आणि ह्यांनी त्याच्यापुढं रंगवलेलं तळं टांगलं!

सुंदराक्का म्हणून आमच्या ग्रुपातली सगळ्यांत म्हातारी बाई आहे. तिला मी विचारलं, "अगं, पडदा जरा बाजूला घ्या म्हणायचं नाही का?"

"कुनी म्हनायचं? मीच म्हनलं हुतं, जरा सरळ वडा, भिंत दिसतीया. शेनानं सारवलेली भिंत फोटूत कशाला, म्हनलं."

मग बऱ्याच वेळानं तिचा आणखी एक मेसेज आला. "ती भिंत आता कुठं मिळंल गं?"



* * *

गणेशगुडीला राफ्टिंगवाल्यांच्या बाजूला आमच्यातला एकजण होमस्टे चालवतो. त्याच्याकडं उतरलेल्या पाहुण्यांनी धरणाच्या पाण्याचा ड्रोननं व्हिडिओ काढला, खाली गाणं लावलं, आणि ह्या शहाण्यानं तो कौतुकानं ग्रुपवर टाकला. हिरवे डोंगर, निळं पाणी. मी नियम दाखवणार, तोवर गणूमामानं मेसेज टाकला.

"पान्याचं फोटू नगंत. आमाला पान्याचं कवतिक न्हाई."

आणि संध्याकाळी कुंभारवाड्याहून दुसरा मेसेज पडला, "ॲडमिन, त्यांचं बराबर हाय."

 इतक्या वर्षांत पहिल्यांदा हा त्याला बरोबर म्हणाला होता. मी तो मेसेज आईच्या फोटोपुढं धरून तिला ऐकवला. वेड्यासारखंच, पण ऐकवला.

* * *

आता नकाशाचा किस्सा. मोजणी खात्यातून रिटायर झालेला चंद्रूअण्णा आमच्या ग्रुपात आहे. त्यानं कुठून कुठून अर्ज करून गावाच्या जुन्या नकाशाची नक्कल मिळवली. मोबाईलवर कुणाला काही दिसेना. सगळे म्हणायला लागले, आमचं घर कुठं, आमचं घर कुठं! शेवटी मी त्याचं मोठं फ्लेक्स काढून आणलं. रामनगरच्या देवळाच्या हॉलमध्ये भिंतीवर मावेना, म्हणून जमिनीवर पसरलं.

माणसं आली ती कडेकडेनं उभी राहिली. पाऊल टाकायला कुणी तयार नाही. सुंदराक्कानं पहिल्यांदा चप्पल काढली. खाली नुसतं फ्लेक्स आहे हो, निवडणुकीला लावतात तसलं! पण तिनं काढली म्हटल्यावर सगळ्यांनी काढली.

चंद्रूअण्णानं काठीनं तिचं घर दाखवलं. ती बरोब्बर त्यावर जाऊन उभी राहिली. मग म्हणाली, "आता देवळाकडं जाऊन येते."

देऊळ समोरच, दोन पावलांवर. पण ही बया निघाली ती उलटीकडून! वाकून रेघा बघत, नदीच्या बाजूनं वळसा घालून.

मी म्हटलं, "अगं आक्के, सरळ ये की!"

तर माझ्यावरच खेकसली. "मधी भात लावलंय न्हवं! तुडवत येऊ व्हय?"

हॉल हसला. आणि मग बघते तर एकेकजण फ्लेक्सवर उतरून बांधाबांधानंच चालायला लागला. म्हातारी माणसं, एकामागं एक, पावलापुढं पाऊल ठेवून. कुणी कुणाच्या शेतात पाय घातला नाही. मला कधी नव्हे ते असं वाटलं की मी थोडी आधी जन्माला यायला हवी होते.

* * *

दोन्ही मामा हॉलमध्ये आले नव्हते. हा येईल म्हणून तो नाही, तो येईल म्हणून हा नाही. माणसं पांगल्यावर मी चंद्रूअण्णाला हळूच विचारलं, "अण्णा, आमचा फणस कुणाच्या वाटणीत पडतो, बघा की."

फणस बांधाच्या टोकाला, सर्व्हेच्या दगडापलीकडं होता, एवढं दोन्ही मामा कबूल करायचे. अण्णानं दगड शोधला. चष्मा पुसला. पुन्हा बघितलं.

"शोभाक्का, दगडापलीकडं तुमची जमीनच न्हाई. फारेस्ट हाय."

"म्हणजे?"

"म्हंजे झाड सरकारचं! तुमच्या मामांनी तोडलं असतं तर दोघंबी आत गेलं असतं."

मी फ्लेक्सवरच बसले. हसू की रडू कळेना. माझी आई ज्याच्यासाठी झुरली, ते झाड आमचं नव्हतंच!

ही गोष्ट ग्रुपवर टाकायची माझी छाती झाली नाही. दुसऱ्या दिवशी दुकान बंद केलं आणि एसटी धरून कुंभारवाड्याला गेले. भिकूमामा अंगणात सुपाऱ्या सोलत होता. सांगितलं तसा त्याचा हात थांबला.

"फारेस्टचं?"

"व्हय मामा."

त्यानं हातातली सुपारी खाली ठेवली. मग म्हणाला, "आनी माजी बहीन त्यापायी मेली." पुन्हा एक सुपारी सोलली. "आता ह्ये त्याला सांगनार कोन?"

"तुमीच चला. गणूमामाचं काळीज आता बरं नसतं मामा. फार उशीर करू नका."

मामा उठला, टोपी घातली. एवढी वर्षं तो निघायला तयार नव्हता, आणि त्या दिवशी बस यायला वेळ आहे म्हटलं तरी घरात थांबेना.

* * *

धाकटा मामा ह्या पावसाळ्यात गेला. म्हणून आता हा किस्सा सांगता येतो.

त्या दिवशी कुंभारवाड्याहून आम्ही पोचलो तर गणूमामा कॉटवर बसला होता. भिकूमामा समोरच्या खुर्चीत बसला. दोघांच्या मध्ये मी. मामीनं पाणी आणलं. भिकूमामा माझ्याकडं बघून म्हणाला, "शोभी, त्याला सांग. फनस सरकारचा निगाला."

गणूमामा पण माझ्याकडंच बघून म्हणाला, "मंग आमी कशापायी भांडलो, इचार त्यांना."

समोरासमोर बसून ॲडमिनमार्फत बोलणं चाललं होतं! मी कपाळाला हात लावला. मामीनं मात्र काही न बोलता दोन ताटं शेजारी शेजारी मांडली. आणि दोघं बसले. आई, तू बघायला हवी होतीस.

निम्मं जेवण झाल्यावर गणूमामा आपल्याच नादात बोलायला लागला. "सरकारचा असंना का. पन काय कापा हुता! गरा मोडला की कट्टकन आवाज याचा. मधागत ग्वाड. पुन्ना तसला कापा खाल्ला न्हाई."

भिकूमामाचा घास हातातच राहिला. "कापा?"

"व्हय, कापा!" गणूमामाचा आवाज चढला. "का, न्हवता?"

 म्हटलं, झालं! झाड सरकारचं ठरलं, आता फळावरून पेटणार! मामी दारातच थबकली. भिकूमामानं भावाकडं नीट बघितलं. वाळून कोळ झालेला भाऊ, गळ्याशी बटणं मोकळी, मान ताठ करून भांडायला तयार.

"कापाच हुता," भिकूमामा म्हणाला.

 गणूमामानं उगाच ताट सरकवलं, डोळे पुसले. मग मला मध्ये न घेता म्हणाला, "दादा, भात घे की अजून."

संध्याकाळी मी भिकूमामाला स्टँडवर सोडायला गेले. म्हटलं, "मामा, फार बरं केलंत. त्यांचं ऐकलंत."

"झाड बरक्याचं हुतं," मामा म्हणाला.

"आं?"

"बुळबुळीत बरका. ह्याच्या घशाखाली उतरायचा न्हाई, ल्हानपनी वकायचा. मंग आई आमच्या झाडाचं दोन फनस द्यायची नि खालच्या घरातनं एक कापा घिऊन याची. चिकाला भिऊन ह्यो फोडायला कधी आला न्हाई. मी फोडायचो. आपल्याच झाडाचा म्हनून आई त्याच्यापुढं ठेवायची."

"मोठे झाल्यावर पण?"

"मोठा झाला तरीबी. मला म्हनायची, भिक्या, सांगू नगंस. त्याला वाटंल, घरच्या झाडात आपला वाटा न्हाई."

कुंभारवाड्याची बस लागली. मामानं पिशवी उचलली, दांडीला धरून चढला आणि खिडकीशी बसला. गाडी हलली तसं त्यानं डोकं बाहेर काढलं.

"ग्रुपवर टाकू नगंस!"