दोन बोटं लहान खिडकी

बीडहून उमापूरला जाताना बसमध्ये माझ्या शेजारी एक माणूस मांडीवर कोरी खिडकी घेऊन बसला होता. प्लॅस्टिकची, सरकत्या काचांची. कुणाचं तरी माप चुकलेलं, म्हणून दुकानदारानं निम्म्यात दिलेली.

"घरच्या मापाला दोन बोटं ल्हान हाय," मापाची गाठ मारलेली सुतळी दाखवत तो म्हणाला. "पण मीच बसवणार. भिंत आपलीच हाय, ऐकती ती."

आमच्या बाजूला बसची काच नव्हतीच. नाकातोंडात धूळ जायला लागली तशी त्यानं खिडकी उचलून तिथं लावून बघितली. तंतोतंत बसली! त्याचं तोंड मात्र पडलं. "घरी न्हाई बसायची, अन् हितं बसली बघा!"

मग लोक हुकूम सोडायला लागले. "उघडा, लई गरम व्हतंय." तो उघडायचा. "लावा, धूळ येतीया." तो लावायचा. मागचे आजोबा तर थुंकायला दर वेळी उघडायला लावायचे.

उमापूरच्या अलीकडच्या फाट्यावर तो खिडकी काखेत मारून उतरला. समोर नुसतं भोक राहिलं. आजोबा पुढं वाकले, गाल फुगलेले, आणि मला खुणेनं म्हणाले, उघडा.

मी हात पुढं करून नसलेली काच सरकवली.