तिसरं नाव

बाईंच्या पर्समध्ये कंगवा नसायचा, पण पाना असायचा. वीतभर लांबीचा. जोड हवा तेवढा आवळला गेला की टक् असा आवाज करून आपसूक सैल पडणारा. बाई मायक्रोवेव्ह लहरींच्या प्रयोगशाळेत होत्या आणि तिथल्या पितळी जोडांवर त्यांचा जीव होता. कुणी नुसत्या बोटांनी जोड आवळताना दिसला की म्हणायच्या, "टक् ऐकलंत का? नाही ना? मग ते माप माझ्यासमोर आणू नका." पाठीमागे सगळे त्यांना टक्‌बाई म्हणत. बाईंना ठाऊक होतं. त्यांना राग नव्हता.

बाईंचे वडील विजेच्या मीटरचे आकडे घेत दारोदार फिरायचे. लहानपणी सुट्टीत त्या बॅटरी धरायला बरोबर जात. मीटर गुडघ्याएवढ्या उंचीवर असला तरी वडील फतकल मारून बसत आणि डोळे काट्याच्या समोर आणत. "उभ्यानं तिरकं बघितलं की आकडा सरकतो," म्हणायचे. त्यांच्या पँटचे गुडघे कायम विरलेले.

इंजिनिअरिंगला वर्गात मुलगी त्या एकट्याच. मोटारींच्या प्रयोगशाळेतले सर म्हणाले, तुझी वेणी पट्ट्यात जाईल, लांब राहा. बाईंनी दुसऱ्या दिवशी केस कापून घेतले. घरी अक्कानं, म्हणजे थोरल्या बहिणीनं, कपाळावर हात मारला. "मोटारीसाठी केस दिलेस, आता नवरा कुठल्या गॅरेजमधून आणायचा?" नवरा आला नाही. आणि एवढं करून मोटारही मिळाली नाही. सरांनी त्यांना मायक्रोवेव्हच्या कोपऱ्यात धाडलं, कारण तिथं फिरणारं काही नव्हतं. नुसत्या चौकोनी पितळी नळ्या आणि त्यांतून न दिसणारं काहीतरी वाहणारं. त्या कोपऱ्यात बाईंची पस्तीस वर्षं गेली. अक्का पुढे विधवा होऊन त्यांच्याकडेच राहायला आली, तेव्हा दोघींत एक खोली, एक रेडिओ आणि रोजचं एक भांडण एवढाच संसार होता.

नळ्या करायचे मिस्त्री. वर्कशॉपमधले. नळीचा आतला भाग आरशासारखा घासायचा, कारण ओरखडा राहिला की लहर तिथं अडखळते. मिस्त्री काडीला कापड गुंडाळून दिवसदिवस घासत बसायचे. शिक्षण आठवीपर्यंत, पण बोटाला केसाच्या दहाव्या हिश्शाचा फरक लागायचा. बाईंपेक्षा वयानं थोडेच मोठे. त्या त्यांना 'मिस्त्री, तुम्ही' म्हणत आणि ते त्यांना 'बाई'.

मग बाई टेराहर्ट्झकडे वळल्या. ही लहर ना धड रेडिओची ना धड उजेडाची, दोहोंच्या मधली. कागद, प्लॅस्टिक यांतून आरपार जाते. प्रत्येक पदार्थ तिचा आपापला वाटा गिळतो आणि आलेखावर तिथं एक खड्डा पडतो. बाईंच्या मनात आलं, औषधाची गोळी पाकिटातच ठेवून खरी की नकली ते सांगता आलं तर? गोळ्यांची पूड दाबून चकत्या करायच्या, धारकात बसवायच्या, लहर सोडायची. धारक मिस्त्रींनी घडवला. चकतीसाठी नखाएवढी खाच आणि वरून धरायला स्प्रिंगची क्लिप. "लहर बारीक झाली, बाई," ते म्हणाले. "माझा चष्मा मात्र जाड होत चाललाय."

नकली गोळ्या आधी मिळाल्या. त्या मोजून झाल्या आणि क्लिपची स्प्रिंग तुटली. त्याच सुमाराला खऱ्या गोळ्या हाती आल्या. मिस्त्रींनी चकतीखाली दोन्हीकडून चिकटणाऱ्या टेपचा तुकडा लावून दिला. बाईंनी बोटानं हलवून बघितलं. बसली होती घट्ट.

खऱ्या गोळीच्या आलेखात एक देखणा खड्डा उमटला. नकलीत नव्हता. बाईंनी पाच चकत्या मोजल्या, मग वीस. प्रत्येक वेळी त्याच जागी.

पेपर लिहिला तेव्हा नावं तीन होती. बाई, त्यांची विद्यार्थिनी आणि मिस्त्री. विभागप्रमुख हसले. "मिस्त्रीचं नाव? उद्या झाडूवाल्याचंही घालाल."

"झाडूवाल्यानं धारक घडवला असता तर घातलं असतं."

पेपर गाजला. परदेशांतून पत्रं आली, बाईंच्या नावानं त्या खड्ड्याला ओळख मिळाली. मिस्त्रींनी पहिलं पान काचेत बसवून घरी टांगलं. त्यातलं बाकी काही त्यांना वाचता येत नव्हतं, पण तिसरं नाव कुठं आहे ते येणाऱ्याजाणाऱ्याला बोट ठेवून दाखवायचे. मुलीला बघायला पाहुणे आले तेव्हा पाणी द्यायच्या आधी ते पान दाखवलं म्हणे.

सहा वर्षं अशी गेली. मिस्त्री निवृत्त झाले. मग एका अनोळखी संशोधकाचं पत्र आलं, फार अदबीनं लिहिलेलं. आपला खड्डा आम्हाला दिसत नाही, आमचं कुठं चुकतंय ते कृपया सांगाल का?

बाईंनी कपाटातून जुन्या चकत्या काढल्या. तीन आठवडे मोजत होत्या. क्लिपवाल्या नव्या धारकात खड्डा नव्हता. जुन्यात होता. शेवटी एक दिवस त्यांनी जुन्या धारकात गोळी ठेवलीच नाही. नुसता टेपचा तुकडा ठेवला आणि लहर सोडली.

खड्डा आला. तोच, त्याच जागी.

टेपची जाडी आणि त्या लहरीची लांबी यांचं असं काही जमलं होतं, की टेपच लहर गिळत होती. गोळीचा काही संबंधच नव्हता. बाईंनी जुनी वही काढली. त्यांच्याच अक्षरात एक ओळ होती : 'स्प्रिंग तुटली. आजपासून टेप.' जन्मभर लोकांना टक् ऐकायला लावणाऱ्या बाईंनी टेप आपल्या हातानं लिहून ठेवली होती आणि मोजायची विसरल्या होत्या.

प्रमुखांनी दार लावून घेतलं. "दोन वर्षांत निवृत्त होताय. कोण विचारतंय? गप्प बसा."

"त्या खड्ड्यावर लोक यंत्र बांधताहेत. उद्या खरं औषध नकली म्हणून फेकतील."

"मग तुमचं काय उरतं?"

बाई दार उघडून बाहेर पडल्या. मासिकाला कळवलं. मासिकाचा नियम असा, की पेपर मागे घ्यायचा तर प्रत्येक लेखकाची सही हवी. विद्यार्थिनी आता दूरदेशी होती, तिनं एका ओळीत होकार पाठवला. राहिलं तिसरं नाव.

"टपालानं धाड," अक्का म्हणाली.

"टपालानं नाही धाडत असलं."

"मग जा आणि शिव्या खाऊन ये. घरी माझ्या रोज खातेसच, तिथल्या जरा ताज्या मिळतील."

मिस्त्रींच्या बायकोनं दार उघडलं आणि आतल्या बाजूला ओरडल्या, "अहो, बाई आल्यात! तुमच्या पेपरला बक्षीस मिळालं वाटतं!"

मिस्त्री खाटेवर बसले होते. उजवा हात मांडीवर थरथरत होता आणि ते डाव्या हातानं तो दाबून धरत होते. समोरच्या भिंतीवर काचेतलं पान. बाईंनी चहाला नको म्हटलं आणि बोलून टाकलं. पेपर चुकीचा निघाला. मागे घ्यायचाय. सही हवी.



"माझी खाच वाकडी होती?" मिस्त्रींनी विचारलं.

"नाही. खाच अजून तंतोतंत आहे."

"मग टेप."

बाईंनी मान हलवली.

"टेप मीच लावली."

"लावली तुम्ही, पण वहीत लिहिली मी. मोजायला हवी होती मी. चूक माझी आहे, पत्रात तसंच लिहिलंय."

"स्प्रिंग करायला दोन दिवस लागले असते," मिस्त्री म्हणाले. "तुम्ही म्हणालात, घाई आहे."

"हो. म्हणाले."

"मी तेव्हा नको म्हणायला हवं होतं."

"ते मीच म्हणायला हवं होतं, मिस्त्री."

बायको इतका वेळ दाराला टेकून ऐकत होत्या. "सही केली म्हणजे ह्यांचं नाव खोडणार?"

"नाव राहतं, वहिनी. प्रत्येक पानावर शिक्का बसतो, मागे घेतलं म्हणून."

"म्हणजे नाव ठेवून धिंड काढायची." त्यांचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. "जन्मभर ह्यांनी तुमच्या नळ्या घासल्या. त्या नळ्यांनी डोळे गेले, हात गेला. तुम्ही एक कागद दिलात. तोही परत मागायला आलात."

 बाई पर्सचा पट्टा धरून बसून राहिल्या.

"पेन आण," मिस्त्री म्हणाले.

सही पेपरातल्यासारखी इंग्रजीत हवी होती. सहा वर्षांपूर्वी ते ती घोटून घोटून शिकले होते. आधी त्यांनी वर्तमानपत्राच्या कोपऱ्यावर करून बघितली. अक्षरं एकमेकांवर चढली. पुन्हा केली. हात थांबेना, तेव्हा बायको पुढे आल्या आणि त्यांनी मिस्त्रींचं मनगट दोन्ही हातांनी धरलं. सही झाली.

बाई निघाल्या तेव्हा मिस्त्री म्हणाले, "ते पान काढून न्या. पाहुण्यांना काय सांगू?" बाईंनी ते खिळ्यावरून उतरवलं. मागं भिंतीचा रंग नवा राहिला होता, चौकोनी.

पेपर मागे घेतल्याचं छापून आलं. पत्रं यायची बंद झाली. प्रमुखांनी टेराहर्ट्झची खोली दुसऱ्या कुणाला दिली आणि बाईंचं टेबल पुन्हा पितळी नळ्यांच्या कोपऱ्यात आलं, जिथून त्या निघाल्या होत्या.

तीन महिन्यांनी मिस्त्रींची बायको प्रयोगशाळेच्या दारात उभ्या. हातरुमालात गुंडाळलेलं काहीतरी. "केलीय ह्यांनी. रोज थोडी थोडी. म्हणाले, जुन्या धारकाला लावा आणि बसते का बघा."

क्लिप होती. बाईंनी भिंगाखाली धरली. स्प्रिंग झकास होती. पण बूड तिरकं घासलं गेलं होतं, नुसत्या डोळ्यांनाही कळेल इतकं. खाचेत ती एका बाजूला उचललेली राहत होती. त्यांनी तीन वेळा बसवून बघितली.

"बसली का?" वहिनींनी विचारलं. "लिहूनच द्या. माझ्या तोंडी निरोपावर त्यांचा विश्वास नाही."

बाईंनी कागद घेतला. पेन बराच वेळ हवेतच राहिलं. मग लिहिलं : 'क्लिप मिळाली. स्प्रिंग उत्तम आहे, घट्ट धरते.' खाली सही केली.

वहिनींनी चिठ्ठी एकदा वाचली, पुन्हा वाचली. "बसली असं नाही लिहिलंत."

बाईंनी पेनला टोपण लावलं.

वहिनींनी चिठ्ठीची घडी घातली, रुमालात बांधली आणि जिन्याकडे चालू लागल्या.