उघडं राहिलेलं झाकण

सुनंदावहिनींचा फोन आला तेव्हा मी गच्चीवर कपडे वाळत घालत होतो. "भाऊ, हे गेले..." एवढंच म्हणाल्या. मधुकरला जाऊन आता दीड महिना झाला. मी अजून स्वतःवरच चिडून बसलोय, कारण त्याने मला तीन रविवार बोलावलं होतं आणि मी तिन्ही रविवार टाळले होते.

आनंदनगरच्या एका कारखान्यात आम्ही दोघं वीस वर्षं विजेच्या पॅनेलसाठी पत्र्याच्या पेट्या बनवायचो. तो वेल्डर, मी फिटर. नोकरी सुटल्यावर मी घरी झोपा काढल्या, आणि या बाबाने मोरिवलीत घरामागे शेड टाकून पुन्हा पेट्याच बनवायला घेतल्या! उल्हासनगरच्या भंगारवाल्याकडून पत्रा आणायचा, ठोकून ठोकून त्याला कुणाची पाठ, कुणाचं पोट असा आकार द्यायचा. बाहेरून गंज तसाच ठेवायचा. आतून मात्र असे रंग, की बघत राहावं. त्या रंगावर ब्रशने स्वतःची कविता लिहायचा. मग आम्हा चारजणांना जमवून पेटीत डोकं घालायचा आणि ती कविता एकदाच म्हणायचा. पत्रा घुमायचा, अंगावर काटा यायचा. कविता संपली की लगेच वेल्डिंग करून झाकण कायमचं बंद.

"अरे येड्या, मग लिहितोस कशाला?" मी एकदा वैतागून विचारलं.

"आयुष्यभर पेट्या बनवल्या, त्यात पुढे काय भरतात ते आपल्याला कुणी दाखवलं का?" तो म्हणाला. "आता माझ्या पेटीतलं मी नाही दाखवणार. ज्याने ऐकलं त्याचं."

नियम एकच. ऐकणारा कुणी आला नाही, तर झाकण बंद करायचं नाही.

आणि मी शहाण्याने काय केलं, तर शिवमंदिराजवळच्या एका कार्यक्रमात त्याने पेटीत म्हटलेली कविता गुपचूप मोबाईलवर रेकॉर्ड केली आणि जुन्या कामगारांच्या ग्रुपवर टाकली. वाटलं, खूश होईल. तो भांडला नाही. नुसता म्हणाला, "तू पण?" त्यानंतर सहा महिने आमचं बोलणं बंद. मग एक दिवस त्याचाच फोन, "नवीन पेटी झालीय. रविवारी ये." मला तोंड दाखवायची लाज वाटत होती. पाहुणे आलेत, गुडघा दुखतोय... थापा मारल्या, दुसरं काय!

मधुकरचा जलदानविधी झाल्यावर वहिनी मला शेडमध्ये घेऊन गेल्या. पेटी तशीच होती, झाकण भिंतीला टेकवलेलं.

"मी म्हटलं, मी ऐकते. तर म्हणाले, तू रोजच ऐकतेस. त्याला येऊ दे."

मी पेटीत डोकं घातलं आणि कविता मोठ्याने वाचली. मध्येच हुंदका फुटला, तोही पत्र्यात घुमला. ती कविता इथे लिहिणार नाही. एकदा केलेली चूक पुरे. वेल्डिंगचे दोन टाके मलाही मारता येतात, म्हणून त्याचे चामड्याचे हातमोजे चढवले आणि झाकण उचललं. वहिनींनी त्यावर हात ठेवला.

"राहू द्या भाऊ. सगळ्या बंदच केल्या त्यांनी. ही एक मला उघडी असू द्या."

परवा त्यांना भेटायला गेलो. दार उघडं, घरात कुणी नाही. मागे शेडमध्ये वहिनी पेटीत डोकं घालून बोलत होत्या. गॅसचा नंबर लावला, मोरीचा नळ दुरुस्त झाला, तुमचा शर्ट धुतला नाही अजून...

ते ऐकणं माझं नव्हतं. हाक न मारता मी मागच्या मागे फिरलो.