वरचं दूध

अकीलाबी पुसदच्या बाजारात बांगड्या भरतात. हात असा हलका की पोरींना कळतसुद्धा नाही, पण जीभ? बाप रे! कुणाचीच भीड नाही.

मुलगा कलीम गेला तेव्हा सून जियाला दिवस गेलेले होते आणि त्याच्याकडून आलेला एचआयव्ही तिच्या रक्तात होता. नातू झाला, आमिर. त्याला तो लागू नये, एवढंच अकीलाबींचं मागणं. दवाखान्यातल्या सुनीती सिस्टरनं बजावलं होतं, "जियाच्या गोळ्या चुकायला नकोत, बाळाला रोज हे औषध द्यायचं. आणि नुसतं आईचं दूध. वरचं दूध, मध, पाणी, काहीच नाही. सरमिसळ केली की धोका वाढतो."

अकीलाबींनी ते मनावर घेतलं. छठीला, म्हणजे सहाव्या दिवशी, नणंद शहदाची, मधाची बाटली घेऊन आली. घराण्यात पहिलं बोट चाटवायचा मान तिचाच. अकीलाबी आडव्या झाल्या. "हात लावला तं बोट मोडीन!"

"काहून वो भाभी? माह्या हाताले जहर लागलं काय?"

आता खरं कसं सांगणार? नणंद रडत गेली, ती पुन्हा आली नाही. बुढी फिरली, असं गल्ली म्हणू लागली. म्हणेनात का!

मग एका दुपारी जिया तापानं फणफणली, दूध साठून छाती दगडासारखी झाली. ती ग्लानीत पडलेली आणि आमिर रडून रडून काळानिळा. अकीलाबींचं काळीज तुटलं. शेजारून बकरीचं दूध आणलं, कापसाच्या बोळ्यानं पाजलं. पोरगं शांत झोपलं. जियाला त्या काही बोलल्या नाहीत.

आमिर दीड महिन्याचा झाला तेव्हा तपासणी. आमिरच्या टाचेतून रक्त घेताना सिस्टरनं विचारलं, "वरचं काही दिलं होतं?"

जिया हसली. कलीम गेल्यापासून पहिल्यांदाच. "अम्मी असताना? शहद चाटवायले आलेल्या फुफीले बी हाकललं त्यायनं."

अकीलाबींची ती जीभ टाळूला चिकटली. "मी पाजलं," त्या कशाबशा म्हणाल्या. "तुले ताप होता नं, तवा. बकरीचं. मले त्याचं रडणं पाह्यवलं नाही वो."

सिस्टरनं ते कार्डावर लिहिलं. मग म्हणाली, "रिपोर्ट येईपर्यंत काही सांगता येत नाही. औषध चालू ठेवा."

जियानं सासूच्या मांडीवरून आमिरला उचललं. ऑटोत तो रडायला लागला, अकीलाबींनी हात पुढे केले. जियानं त्याला दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि घर येईपर्यंत बाहेर बघत राहिली.