भावांची वाटणी आणि दिल्लीच्या जागा

कारभारीण गेली त्या साली माझ्या घरात बोलायला दुसरं माणूस उरलं नाही. पोरबाळ नव्हतंच. दिवस उसात निघून जायचा, संध्याकाळ मात्र खायला उठायची. म्हणून दिवस कलला की मी पारावर जायचो. आमचं गाव काटेवाडीच्या अलीकडं. शाळेचे गुरुजी बारामतीहून आलेला पेपर पारावर बसून मोठ्यानं वाचायचे. मी दुसरीतनं शाळा सोडलेली, पण ऐकून मत द्यायला कुणाला हार जायचो नाही.

एकदा राज्यसभेच्या निवडणुकीची बातमी होती. गुरुजी म्हणाले, "यात तुमचं-आमचं मत नसतं. आपण निवडलेले आमदार ही माणसं निवडतात, आणि ती दिल्लीत आपल्या राज्याच्या वतीनं बसतात. ज्या राज्यात लोकसंख्या जास्त, त्याला जागा जास्त."

मी म्हणालो, "ह्ये बरूबर न्हाय. राज्यं म्हंजी सख्खे भाऊ. थोरल्याला चार पोरं अन् धाकट्याला एक, म्हणून वाटणीत रान कमी-जास्त देतात का? समद्यांना सारखं!"

दोघं-तिघं "व्हय व्हय" म्हणाले. मला बरं वाटलं.

गुरुजी हसले. "तात्या, परवा पाटकऱ्याशी कोण भांडत होतं? माझं रान मोठं, मला पाणी जास्त सोड म्हणून?"

सगळा पार हसला. एक जण ओरडला, "तात्या, आता पाटाचं पाणी बी भावाभावांत सारखं वाटा!"

मी धोतर झटकून उठलो. कुणी हाक मारली नाही, मीही मागं पाहिलं नाही. पुन्हा गेलो नाही. अंगणात बसलं की पारावरचं हसणं ऐकू यायचं. वाटायचं, आज तरी कुणी बोलवायला येईल.

गुरुजींची अंथुर्ण्याला बदली झाली, तेव्हा ते दारात आले. मी चुलीपुढं होतो.

"तात्या, अमेरिकेत वरच्या सभागृहात लहान-मोठ्या प्रत्येक राज्याला सारख्याच जागा असतात. पुस्तकात बघितलं. तुमची वाटणी तिकडं चालते. चारचौघांत मी तुम्हाला हसायला नको होतं."

आत या, बसा, म्हणायचं होतं. तोंडातून आलं, "मी कामात हाय."

ते "बरं, येतो," म्हणाले आणि गेले. पारावर मग पेपर बंद पडला. वाचणार कोण?

अंथुर्णे काही दिल्ली नव्हती. वर्षभरानं मी बैलगाडी घेऊन गेलो. गुरुजींना सांगायचं होतं, की पाण्याचं तुमचं खरं होतं. शाळेपुढच्या लिंबाखाली ते दिसले, भोवती चार-पाच माणसं. पेपर वाचत होते. कुणीतरी मधेच काही विचारलं आणि सगळे हसले. बसायला जागा भरपूर होती.

मी रस्त्याच्या पलीकडं गाडी धरून बराच वेळ उभा राहिलो. मग बैल वळवले.