बोडखे सरांची मानपत्रं

बोडखे सर गेल्याची बातमी ग्रुपवर आली आणि मी ‘हार्दिक अभिनंदन, सर!’ असं लिहून मोकळा झालो. फोटोत सरांच्या गळ्यात हार होता, खांद्यावर शाल होती. खालच्या दोन ओळी वाचायच्या कुणी? दिवसभर लोकांचे फोन आले. सर असते तर म्हणाले असते, “लेखक, अधूनमधून वाचतही जा...”

ते मला ‘लेखक’ म्हणत ते काही कौतुकानं नव्हे. माझा एकुलता एक कथासंग्रह निघाल्याबरोबर मी दारावरच्या पाटीत नावाखाली ‘लेखक’ असं कोरून घेतलं होतं. पुढच्या आठवड्यात दोघं जण रेशन कार्डाचा अर्ज लिहून मागायला आले, आणि मी चक्क रागावलो. सर करमाडच्या शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. शिपाई, ड्रायव्हर, नर्स, कुणीही निवृत्त होवो, सत्काराला चौकटीत घालून देतात ते मानपत्र सरांच्या हातचं. खाली त्यांचं नाव मात्र कधीच नसे.

एकदा सरांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, आणि नेमके त्याच आठवड्यात आमच्या गल्लीला पाणी सोडणारे कचरूमामा निवृत्त होत होते. “मी लिहितो की,” मी म्हणालो. “आधी मामांना भेटून ये,” सर म्हणाले. भेटायचं काय त्यात, नेहमी तर दिसतात! अर्ध्या तासात मी ‘कर्तव्याच्या क्षितिजावर तळपणारा भास्कर’ वगैरे लिहून काढलं आणि समारंभात स्वतःच खड्या आवाजात वाचलं. टाळ्या पडल्या. त्या माझ्याच आहेत असं समजून मी मान लववली. मग मामी जवळ आल्या.

“भाऊ, लई भारी लिव्हलंय. पन ह्याच्यात आमचे हे कुठं आलेत?”

काळ्या चष्म्यातले सर सगळं ऐकत होते. दुसऱ्या दिवशी मला धरून मामांकडं घेऊन गेले. चहा नको म्हणाले. आधी व्हॉल्व्ह दाखवा! गल्लीच्या तोंडाशी झाकण उघडलं. सरांना डॉक्टरांनी वाकायला मनाई केलेली, म्हणून त्यांनी मला वाकवलं. माझा भारीतला पेन खिशातून आत पडला, तो अजून तिथंच असेल.

“बंद कधी करायचात?” सरांनी विचारलं.

“टाइम झाला की.”

“लगेच?”

मामा घुटमळले. “शेवटच्या घरात एक आजी ऱ्हायच्या, एकट्याच. त्यांचा हंडा भरला का बघून यायचो. पाच-सात मिन्टं वर व्हायची. कुनाला सांगू नका, सायब रागावतील.”

“आता कोण रागावतंय? सुटलात तुम्ही!”

आजी, हंडा, ती पाच-सात मिनिटं, सगळं सरांनी सांगितलं तसं मी नव्या कागदावर उतरवलं आणि ते जुन्या चौकटीत बसलं. ते ऐकून मामी नवऱ्याला म्हणाल्या, “म्हून उशीर व्हायचा व्हय? मला वाटायचं, पत्ते कुटत बसता!”

परत येताना मी अगदी मनापासून म्हणालो, “सर, खरे लेखक तुम्हीच.”

“छे! माझं नुसतं अक्षर बरं आहे. लेखक तू. तुझ्याकडं पाटी आहे.”

गेल्या आठवड्यात सरांची शोकसभा झाली. आदल्या संध्याकाळी कचरूमामा वहीचं एक पान घेऊन माझ्याकडं आले. “मोडकंतोडकं हाय. तुम्ही नीट करून द्या. खाली जागा सोडलीय, तिथं तुमचं नाव टाका. माझं कोन ऐकतंय?”

सहाच ओळी होत्या. शेवटच्या दोन अशा: ‘मी काम काय करतो ते मला कुणी कधी विचारलं नव्हतं. सरांनी विचारलं, आणि मी सांगेपर्यंत ते थांबले.’

खरं सांगतो, त्या रिकाम्या जागेकडं बघून मला मोह झाला. इतकं चांगलं माझ्या हातून कधी उतरलेलं नाही... मी पेन मामांच्या हातात दिला.

“मी?” ते म्हणाले.

“लिहिलंय कुणी?”

मामांनी पान टेबलावर सरळ केलं. मग हजेरीपटावर करायचे तशी पूर्ण नावानं सही केली, भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं आणि सवयीनं बाजूला वेळ टाकली.