रुखवताचं कुलूप

लग्नपत्रिका हातात आली की बाकीचे मुहूर्त बघतात. मी आधी कार्यालयाचं नाव बघते. लहानपणी पोलिओनं पाय नेले, ते दुःख आता जुनं झालं. चाकाच्या खुर्चीवर बसून मी नोकरी केली, लातुरात स्वतःचं घर केलं. भीती राहिली ती एकाच गोष्टीची. भरल्या माणसांत लघवीला लागेल आणि मला जायला जागा नसेल. म्हणून परगावी जायचं असलं की मी आदल्या संध्याकाळपासून पाणी तोडते. डॉक्टर रागावतात. रागवोत बापडे, त्यांना कुठं माझ्या खुर्चीत बसायचंय!

भावाच्या लेकीचं लग्न नांदेडला ठरलं तेव्हा त्यानं फोन केला. "आक्का, तुझ्यासाठी मुद्दाम हे कार्यालय धरलंय. खुर्ची आत जाईल असलं संडास हाय तिथं. मी सोता बघून आलोय. आता काई निमित्त सांगू नको." मला भरून आलं. तरी सवयीनं पाणी तोडलंच. पण अहमदपूरला गाडी थांबली तेव्हा भावाच्या शब्दावर विसंबून मी कपभर चहा घेतला.

नांदेडला पोचेपर्यंत त्या चहानं आपला हिसका दाखवला. खुर्चीची चाकं रेटत मी मागच्या बोळात गेले. दार सापडलं. चांगलं रुंद, वर खुर्चीचं निळं चित्र, आणि कडीला हे एवढं कुलूप.

वहिनी पदर सावरत धावत आली. "अगं बाई! ताई, त्यात रुखवत ठेवलंय की. लई स्वच्छ हाय, नवंकोरं. अजून कुणी पाय बी ठेवला न्हाई आत. बाहेर मांडलं की पोरं लाडू पळवतेत."

संडासात लाडू! एरवी मी पोट धरून हसले असते. त्या वेळी पोट धरलं होतं, पण हसायला नाही.

"चावी कुणाकडं आहे?"

"माझ्या भावाकडं."

म्हणजे नवरीच्या मामाकडं. आणि मामा स्टेजवर नवरीच्या पाठीशी उभा होता, मंगलाष्टकं सुरू झाली होती. वहिनीनं माझा हात धरला. "ताई, जरा कळ काढा. अक्षता पडल्याबिगर मामाला कसं हलवावं? अपशकुन व्हतो."

मांडवात येऊन कळ काढली. भटजींची मंगलाष्टकं संपली, तर दोन्हीकडच्या हौशी बायकांनी माइक घेतला. सासरची नावं, माहेरची नावं, आजोळची नावं, सगळी एकेका कडव्यात गुंफलेली. दर कडव्याला सावधान. माझ्याइतकं सावध त्या मांडवात दुसरं कुणी नव्हतं. मुठीतल्या अक्षता घामानं भिजून तळवा पिवळा झाला. माझ्या मागच्या रांगेत नवे सोयरे बसले होते. खुर्चीखाली ओघळ गेला तर त्यांना पहिल्यांदा काय दिसणार? नवरीची आत्या. पुढं जन्मभर पोरीला सासरी तेच ऐकावं लागेल. मला रडू येत होतं आणि रडायचीही भीती वाटत होती, की एका हुंदक्यासरशी सगळं सुटेल.

शेवटच्या अक्षता पडल्या. वहिनी ताडताड स्टेजवर गेली आणि मामाच्या खिशात हात घालून चावी घेऊन आली. लाडवांच्या परड्या, पितळी भांडी, तांदळाची रांगोळी घातलेला पाट, तिनं एकटीनं भराभरा बाहेर काढलं. मी आत गेले. भिंतीला धरायला दांडी होती. वेळेत झालं.

जेवणाच्या पंगतीत नवरी स्वतः मठ्ठ्याचा पेला घेऊन आली. "आत्या, माझ्या लग्नात तू पाणी बी पिली न्हाईस. घे की." ओठ कोरडे पडले होते. एक पेला घेतला. तिनं दुसरा भरला, तोही घेतला. आता कशाला भ्यायचं, म्हटलं, दार तर उघडं आहे. लग्नात तहान भागेपर्यंत मी कधी प्याले होते, ते मला आठवेना.

निघायची वेळ झाली. लातूरपर्यंतचा रस्ता डोळ्यांपुढं होता, म्हणून मी एकदा जाऊन यावं या हिशेबानं खुर्ची बोळात वळवली.

बाहेर ना परड्या होत्या, ना पाट. कडीला कुलूप होतं.

वहिनी मागून आली. दमलेली होती, पण चेहऱ्यावर समाधान होतं. "सगळं परत नीट लावून ठेवलं बघा. तुमचं झालं व्हतं ना, ताई?"

"चावी?"

"माझ्या भावाकडंच हाय की. तो टेम्पो आणाया गेलाय, सामान न्यायला. येईल आता."

मी मांडीवर दोन्ही हात दाबून धरले आणि रस्त्यावर टेम्पोचा आवाज येतो का, ते ऐकत बसले.